नग त्रेसष्ट, चामडी पट्ट्यांसह

"या पृथ्वीच्या पाठीवर अशी एकही चीज नाही, जिला सरकारी हिशेबात शीर्ष नाही," असं रघुनाथरावांनी १९५६ सालच्या जुलैतल्या एका सोमवारी भर कचेरीत जाहीर केलं. "ब्रह्मदेवानं सृष्टी केली, कबूल. पण ती खात्यावार लावली कोणी? सरकारनं. सूर्य घ्या. शीर्ष प्रकाशव्यवस्था, उपशीर्ष अनावर्ती. म्हणजे एकदाच झालेला खर्च."

"अनावर्ती कसा बाबूजी?" पाण्याचा गिलास ठेवता ठेवता चिंधू चपराशी म्हणाला. "थो तं रोज येते."

रघुनाथरावांनी गिलास रिकामा होईस्तोवर विचार केला आणि सूर्याला आवर्तीत टाकलं.

सौंसरच्या कपाशी बीज-सुधार कचेरीत ते सव्वीस वर्षं बिलं पाहत होते. शेतकऱ्यांना सुधारलेलं बी वेळेवर पोचवणं हे या कचेरीचं काम. बी साधारणपणे पेरणी आटोपल्यावर येई, त्यामुळे कचेरीत गर्दी अशी नसे आणि रघुनाथरावांना बिलांकडे पुरेसं लक्ष देता येई. त्यांच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची एक जाडजूड शीर्षसूची होती. कुठलंही बिल आलं, की त्यावर सूचीतला आकडा चढवायचा आणि नागपूरच्या मोठ्या कचेरीत पाठवायचं. आकडा बरोबर असला तर पैसे मिळत. चुकला तर बिल शेरा घेऊन परत येई. रघुनाथरावांचं बिल सव्वीस वर्षांत एकदाही परत आलं नव्हतं. घरीसुद्धा त्यांची हीच नजर. एकदा देवकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, विचारलं, "मंग माझं शीर्ष कोनतं वो?" रघुनाथराव म्हणाले, "आवर्ती खर्च." त्यानंतर तीन दिवस घरात आवर्ती असं काहीच झालं नाही, स्वयंपाक धरून.

तर सूर्याचा निकाल लागला, तरी चिंधू जागचा हलला नाही. त्यानं टोपीच्या घडीतून एक कागद काढला.

"हे एक बिल होतं बाबूजी. माह्यं घरचं."

बिल नागपूरच्या एका हाडांच्या डॉक्टरचं होतं. लाकडी सांगाडा, चामडी पट्ट्यांसह, खुब्याकरिता, मूल वय महिने आठ, नग एक. रुपये एकतीस, आणे आठ.

"हे काय आहे?"

"सुनंदीचं खुबं सरकेल हाये न. जल्मापासूनच. एक पाय फाकेच ना तिचा. दाईनं तेल चोळून पाह्यलं, काई नाई. मंग पांढुर्न्याहून गाडीत बसून नागपूरले नेलं. डॉक्टरनं लाकडात बांधून देल्लं. सहा महिने काढाचं नाई म्हने, दिसंबर सरेपर्यंत. मंधात काढलं का खुबं पुन्हा जागा सोडते. मंग पोट्टी जल्माची लंगडी."

"आणि एवढे पैसे कुठून आणले?"

"पंचफुलाचे तोडे मोडले," चिंधू म्हणाला आणि रिकामा गिलास उगाच पुसू लागला.

रघुनाथरावांनी शीर्षसूची उघडली. औषधं होती, इंजेक्शनं होती. साप चावला तर एक आकडा होता, विंचू चावला तर दुसरा. हत्तीनं तुडवलं तर काय, याचीही सोय होती, आणि सौंसर तहसिलीत हत्ती एकदा सर्कशीबरोबर आला होता तेवढाच. पण लेकराच्या खुब्याचा सांगाडा कुठंच नव्हता.

"वस्तू पाहावी लागेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिंधूची बायको पंचफुला पोरीला घेऊन आली आणि 'किरकोळ' नावाच्या फायलीवर तिला बसवून मोकळी झाली. मागं एक फळी, तिला आडवी दुसरी, आणि दोन्ही मांड्या चामड्याच्या पट्ट्यांनी बेडकासारख्या फाकवून बांधलेल्या. अशी ती टेबलावर बसली, ते थेट घोड्यावरचा हवालदार. तिनं कचेरीभर नजर फिरवली. काम कुणीच करत नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं असावं, कारण ती खदखदा हसली. मग तिनं रघुनाथरावांचा चष्मा ओढला.

सव्वीस वर्षांत रघुनाथरावांच्या चष्म्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी तो परत मागितलासुद्धा नाही. चष्म्याविनाच ते सूची चाळत बसले आणि बराच वेळ पानं उलटी आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी बिल औषधांत टाकलं. बारा दिवसांनी परत आलं: 'लाकूड हे औषध नव्हे.' दुसऱ्यांदा कृत्रिम अवयवांत टाकलं. तो आकडा लढाईत पाय गेलेल्या शिपायांसाठी होता. बिल परत आलं: 'मूळ अवयव शिल्लक असल्याने मागणी नामंजूर. अवयव शिल्लक नसल्यास तसा दाखला जोडावा.'

हा शेरा वाचून रघुनाथराव त्या रात्री जेवले नाहीत.

"काय झालं तं सांगा तरी," देवकाबाई म्हणाल्या.

"पाय कापून पाठवा म्हणतात."

"कोनाचा?"

"सुनंदीचा."

"मेले!" देवकाबाई म्हणाल्या. "त्यायच्या घरी लेकरं नाईत का? अन तुमची सूची काय चाटाची हाये? थे वस्तू लाकडाची हाये, तिच्यात पोट्टी बसते, तिच्यातच निजते. मंग माह्या पाटात अन तिच्यात फरक काय?"

रघुनाथराव हातातली सुपारी तशीच धरून बसले. सव्वीस वर्षांत जे सूचीनं सांगितलं नव्हतं ते पाटानं सांगितलं.

तिसऱ्यांदा बिल गेलं ते फर्निचरमध्ये. 'आसन, लाकडी, चामडी पट्ट्यांसह, बसण्या-निजण्याकरिता, नग एक.' यात एक अक्षर खोटं नव्हतं, असं रघुनाथरावांचं म्हणणं. नवव्या दिवशी बिल मंजूर होऊन आलं. पंचफुलाचे तोडे सराफानं अजून वितळवले नव्हते, ते परत तिच्या पायांत आले.

पण फर्निचर म्हटलं की पुढचं सगळं आलं. मालाच्या वहीत नोंद आली, आणि वस्तूवर पांढऱ्या रंगात नंबर आला. कपाट एकसष्ट, तिपाई बासष्ट. रघुनाथरावांनी स्वतः ब्रश घेतला आणि चिंधूच्या ओसरीवर बसून पोरीच्या पाठीमागच्या फळीवर त्रेसष्ट काढला.

"पोट्टीवर नंबर काहून टाकून राहिले बाबूजी?" पंचफुला म्हणाली. "म्हैस होय का थे?"

"पोरीवर नाही बाई, सरकारी मालावर."

"मंग पोट्टी कोनाची?"

"पोट्टी तुमची. माल सरकारचा. एकमेकांना धरून आहेत, एवढंच."

नियमाप्रमाणे फर्निचरची महिन्यातून एकदा तपासणी करायची असते. कचेरीतल्या खुर्च्या हा नियम ऐकून होत्या, अनुभव कुणालाच नव्हता. नग त्रेसष्टची तपासणी मात्र पहिल्या आठवड्यात एकदा झाली, दुसऱ्यात चारदा, आणि सप्टेंबरात रघुनाथराव रोज संध्याकाळी चिंधूकडे आकस्मिक तपासणीला जाऊ लागले. तपासणीत पट्ट्या ओढून पाहणं, फळीवरची धूळ पुसणं आणि नगासमोर कुत्र्याचा आवाज काढणं, एवढी कामं असत. देवकाबाई सोबत येत. पट्ट्यांनी मांड्या सोलू नयेत म्हणून त्यांनी मऊ लुगड्याच्या गाद्या शिवल्या. त्या गाद्यांची नोंद रघुनाथरावांनी वहीत केली नाही. सरकारी मालाला खाजगी गादी लावणं कशात बसतं, ते सापडलं नव्हतं.

अशात राज्य बदललं. म्हणजे सौंसर होतं तिथंच राहिलं, बोरगाव तिथंच, लोधीखेड्याचा बाजार मंगळवारचा मंगळवारीच. पण एक नोव्हेंबरपासून राजधानी नागपूरहून उठून भोपाळला जाणार आणि नागपूर मुंबई राज्यात जाणार, असं ठरलं. नागपूर कसं, सकाळच्या गाडीनं जावं, दोन कामं करावीत, एक राहून गेलं म्हणून हळहळावं आणि रात्री घरी यावं. भोपाळ कुठं आहे, हे दाखवायला मास्तरांनाही नकाशावर दोनदा बोट फिरवावं लागे. लोक चहाच्या दुकानात बसून म्हणत, "आपन काई केलं नाई बाप्पा, बसल्या जागी परदेशात आलो."

दोन सरकारं वेगळी व्हायची म्हणजे भांडी-कुंडी वेगळी व्हायचीच. ऑक्टोबरच्या दहा तारखेला नागपूरच्या मोठ्या कचेरीचं पत्र आलं. चालू वर्षात नागपूरच्या पैशानं घेतलेलं फर्निचर तपासून नागपूरला परत न्यायचं आहे. बावीस तारखेला अधिकारी ट्रक घेऊन येतील. खाली यादी होती: नग एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.

रघुनाथरावांनी पत्र तीनदा वाचलं. मग बोटांवर मोजलं. डिसेंबर सरायला दहा आठवडे कमी पडत होते.

"खरं सांगून टाका," देवकाबाई म्हणाल्या.

"खऱ्याला शीर्ष नाही. पोरीचा सांगाडा फर्निचर म्हणून दाखवला, हे कळलं तर माझी नोकरी जाईल. दोन वर्षांवर पेन्शन आहे. आणि नोकरी जाऊनही ते सांगाडा नेतीलच. सरकारी माल आहे."

"तुमीच केला न सरकारी?"

"तुमच्या पाटावरून केला."

भिंतीपलीकडं कुणीतरी रेडिओ लावला होता. त्यात राज्यपुनर्रचनेमुळे जनतेचा कसा फायदा होईल, ते सांगत होते.

रघुनाथरावांनी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करायचं ठरवलं, आणि अनुभव नसलेल्या माणसासारखीच केली. लोधीखेड्याच्या गजानन सुताराला त्यांनी हुबेहूब दुसरा सांगाडा करायला सांगितला. पण तो कशासाठी हे सांगता येईना, आणि मूळचा दाखवावा तर तो पोरीला धरून. त्यांनी हवेत हात करकरून माप दिलं. गजाननानं आठ दिवसांनी जी वस्तू आणली, ती एका बाजूनं खोगीर दिसे आणि दुसऱ्या बाजूनं देव्हाऱ्याचा मोडका पाय.

"तुमी जसे हात केले तसंच केलं बाबूजी," गजानन म्हणाला. "काय होय हे?"

"आसन," रघुनाथराव म्हणाले, आणि त्यांनी त्यावर त्रेसष्ट रंगवला.

"लबाडी कराची तं नीट तरी कराची," देवकाबाई एवढंच म्हणाल्या.

बावीस तारखेला दुपारी ट्रक आला. त्यातून अरविंद जोगळेकर नावाचे अधिकारी उतरले. वय पंचवीस, नोकरी सात महिन्यांची, कोटाची सगळी बटणं लावलेली. असे अधिकारी फार धोक्याचे, कारण त्यांनी नियम नुकतेच वाचलेले असतात. त्यांनी कपाट उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं. तिपाई हलवून पाहिली. मग ते आसनापाशी आले.

"हे बसण्याकरिता आहे?" त्यांनी वहीत पाहत विचारलं.

"बसण्या-निजण्याकरिता," रघुनाथराव म्हणाले. त्यांची बंडी पाठीला चिकटली होती.

"कोण बसतं यावर?"

"प्रसंगानुसार."

"तपासणी-नियम चार," जोगळेकर म्हणाले. "वस्तू ज्या कामाची, त्या कामात ती चालते की नाही ते पाहावं."

रघुनाथराव काही म्हणायच्या आत ते बसले. आसनानं क्षणभर विचार केला आणि तीन जागी मोडलं. जोगळेकर साहेब भुईवर आले, वही एकीकडं, टोपी एकीकडं, आणि कोटाचं वरून दुसरं बटण कपाटाखाली गेलं.

चिंधूनं त्यांना उठवलं. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता; लागलं म्हणून नव्हे. सात महिन्यांच्या नोकरीत त्यांनी सरकारी माल मोडला होता.

"मोडकी वस्तू नागपूरला नेता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "इथंच खारीज करावी लागेल. तुम्ही... तुमची काही हरकत?"

रघुनाथरावांची हरकत! त्यांच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख झालं. त्रेसष्ट खारीज. वहीत लाल रेघ. पोरगी सुटली, पेन्शन सुटली. साहेबांनी टाक उचलला, दौतीत बुडवला, कागदाला लावला.

"अवो, डबा राह्यला होता," असं म्हणत पंचफुला दारातून आत आली. एका हातात चिंधूचा डबा. कडेवर पोरगी मावत नसे, सांगाड्याची फळी आड येई. म्हणून तिला दुसऱ्या हातानं पुढ्यात धरलेली, पाठ बाहेर करून. डबा ठेवायला जागा हवी म्हणून तिनं पोरीला सवयीनं टेबलावर बसवलं, बरोबर साहेबांच्या समोर. पाठ साहेबांकडं. फळीवर पांढऱ्या रंगात, रघुनाथरावांच्या वळणदार अक्षरात, त्रेसष्ट.

जोगळेकरांनी भुईवरचा त्रेसष्ट पाहिला. मग टेबलावरचा. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला आणि कागदावर पडला.

"हे दोन आहेत," ते म्हणाले.

"एकच आहे साहेब," रघुनाथराव म्हणाले. त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "खालचा मी करवला. लबाडीनं. बिलाला आकडा मिळेना म्हणून वरच्याची नोंद फर्निचरमध्ये केली, तीही मीच. चिंधूला यातलं काही कळत नाही. मला काढा, लिहायचं ते लिहा. पण हे पोरीच्या अंगावरून काढू नका. दहा आठवडे राहिले आहेत. काढलं तर जन्माची लंगडी होईल."

पंचफुलाला आत्ता कुठं उमगलं. "काढाले आले हे?" ती म्हणाली आणि टेबलाला आडवी झाली. "हात तं लावून पाहा म्हना! माह्ये तोडे घेऊन जा, कपाट घेऊन जा, हा मानूस घेऊन जा," ती चिंधूकडं बोट करून म्हणाली, "पन इले हात नाई लावाचा!"

"मले काहून?" चिंधू म्हणाला.

"बाई, बाजूला व्हा," जोगळेकर म्हणाले. "मला वस्तू तपासायची आहे."

रघुनाथरावांनी पंचफुलाला खुणावलं. ती बोटभर सरकली. जोगळेकरांनी वाकून फळी पाहिली, पट्ट्या पाहिल्या, देवकाबाईंच्या गाद्या चाचपल्या. एका पट्टीची कडी त्यांनी बोटानं हलवून पाहिली, तेव्हा कचेरीत श्वास घेणारी एकटी सुनंदाच होती.

"या कचेरीत धूळ नसलेली ही एकच वस्तू आहे," ते म्हणाले. मग खाली बसले, यावेळी खुर्चीवर, आणि खिशातून परिपत्रक काढून वाचू लागले. एक पान झालं, दुसरं झालं. बाहेर ट्रकवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला.

"कलम सात," शेवटी ते म्हणाले. "पाण्याचे पंप वगैरे डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेलं दिसतं. जी वस्तू चालू कामाला लागली आहे, ती काम पुरं होईपर्यंत जागेवर राहू द्यावी." त्यांनी वर पाहिलं. "ही वस्तू कामाला लागली आहे का?"

"दिवसरात्र, साहेब," रघुनाथराव म्हणाले. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

"कामाचं स्वरूप लिहावं लागतं."

रघुनाथरावांनी सव्वीस वर्षांत कितीतरी कामांची स्वरूपं लिहिली होती. आत्ता एक शब्द सुचेना. शेवटी चिंधू म्हणाला, "पोट्टीले उभं कराचं हाये साहेब. दुसरं काय?"

जोगळेकरांनी तसंच लिहिलं: 'कर्मचाऱ्याच्या कन्येस उभे करणे. काम चालू.' मोडक्या आसनाबद्दल त्यांनी विचार केला आणि ते कोणत्याच वहीत नसल्यामुळे मोडलेलंच नाही, असा निर्णय दिला. आपण पडलो, हेही त्यामुळे आपोआप रद्द झालं. दोन्ही गोष्टी रघुनाथरावांना मान्य होत्या.

आता ही पोरगी पुढं पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि सायकलवर ती निघाली की भलेभले बाजूला होत, हे सौंसरात कुणीही सांगेल. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी फक्त एक कागद होता, आणि तो कागद रघुनाथरावांना रामराज्याच्या सनदेसारखा दिसत होता. ते उठून उभे राहिले, म्हणून चिंधूही सावध उभा राहिला. पंचफुलानं डोक्यावर पदर घेतला.

"साहेब," रघुनाथराव म्हणाले, "राज्यं येतील आणि जातील. राजधान्या नागपुरास असोत की भोपाळास. पण ज्या शासनाला एका चपराश्याच्या लेकीचा पाय दिसतो, त्या शासनाला..."

जोगळेकर साहेबही हलले होते, हे दिसत होतं. त्यांनी कोट सारखा केला, उरलेली बटणं चाचपली, आणि हुकमावर सही करून टेबलावर इकडंतिकडं हात फिरवला. मग त्यांनी वाकून सुनंदाच्या तोंडाकडं पाहिलं. तिचे ओठ, हनुवटी आणि एक गाल जांभळा झाला होता, आणि ती मन लावून काहीतरी चघळत होती.

"बाई," साहेब म्हणाले, "तेवढा शिक्का तिच्या तोंडातून काढून द्या."